डिलोडचा आठवडा: काही महिने नेमाने घेतल्यानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो. डिलोड, म्हणजे ठरवून कमी भाराचा हलका आठवडा, मी यापुढेही घेणार, पण बऱ्याच तयार प्रोग्रॅममध्ये तो जसा दिलेला असतो तसा नाही. गेले काही महिने तीन प्रकार आलटून पालटून वापरले: वजन निम्म्यावर आणणं, वजन जवळपास तेच ठेवून सेट (न थांबता केलेल्या उचलींची एक खेप) कापणं, आणि आठवडाभर जिमकडे फिरकायचंच नाही. कागदावर तिन्ही सारखेच वाटतात. पुढच्या सोमवारी बार खांद्यावर घेतला की फरक कळतो.

माझा व्यायाम आठवड्यातून चार दिवस. स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बैठक), बेंच (आडवं पडून छातीवरून बार ढकलणं), डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं), ओव्हरहेड प्रेस (बार डोक्यावर ढकलणं) ही मुख्य कामं, बाकी हात-पोटऱ्यांचं किरकोळ. नवशिका नाही, स्पर्धेतलाही नाही. माझं मत याच चौकटीतलं समजा.

यामागचा हिशेब साधा आहे. कसून व्यायाम केला की ताकद आणि थकवा दोन्ही वाढतात, पण थकवा उतरतो भरभर आणि कमावलेली ताकद उतरते सावकाश. एरिक बॅनिस्टर आणि सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात हेच गणितात मांडलं होतं. म्हणजे आठवडाभर भार कमी केला तर थकवा खाली बसतो आणि त्याच्याखाली दबलेली ताकद वर येते. हलक्या आठवड्यात ताकद ‘तयार’ होत नाही, दिसायला लागते. एवढं डोक्यात पक्कं असलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

आता तीन प्रकारांबद्दल. समजा नेहमीचा स्क्वॉट 100 किलोवर 5 रेप्सचे (उचलींचे) 5 सेट आहे. एकूण उचल झाली 2500 किलो. पहिल्या प्रकारात 50 किलोवर तेच 5 सेट, म्हणजे 1250. दुसऱ्यात 90 किलोवर 4 रेप्सचे 3 सेट, म्हणजे 1080. दोन्हीकडे बेरीज निम्म्याच्या आसपासच, पण अंगाला लागणारी गोष्ट वेगळी. 50 किलोचा स्क्वॉट हा माझा स्क्वॉटच नव्हे. श्वास रोखून पोट आवळावं लागत नाही, पाठ सैल राहिली तरी चालून जातं, बार हवा तसा वर येतो. असा आठवडा काढून परत 100 वर गेलं की पहिल्या सेटला बार पाठीवर उगाच जड वाटतो. ताकद गेलेली नसते, जड वजनाखाली उभं राहायची सवय ढिली पडलेली असते. 90 किलोच्या प्रकारात हे झालं नाही. रॅकमधून बार काढताना तोच दाब, तीच शिस्त, फक्त दमायच्या आत काम संपतं.

स्पर्धेआधी खेळाडू सराव कमी करतात, त्याबद्दलचा 2007 सालचा एक मोठा आढावा याच बाजूचा आहे: सरावाचं प्रमाण 41 ते 60 टक्क्यांनी कमी करा, तीव्रतेला हात लावू नका. तो पळणं, पोहणं, सायकलिंग यांवरचा होता, तेव्हा लोखंडाला जसाच्या तसा लावायचा नाही, पण माझ्या वहीतल्या नोंदी त्याच दिशेने जातात.

पूर्ण सुट्टीचा प्रकार मला सगळ्यात कमी पटला. 2024 मध्ये आलेल्या एका अभ्यासात सराव असलेल्या लोकांचा 9 आठवड्यांचा कार्यक्रम होता. एका गटाने मध्ये एक आठवडा सगळं बंद ठेवलं, दुसऱ्याने चालू ठेवलं. स्नायूंची वाढ दोन्हीकडे सारखीच, पायांच्या ताकदीत मात्र न थांबणारे किंचित पुढे. म्हणजे आठवडाभर थांबल्याने स्नायू झडतात ही भीती फोल, पण थांबल्याने काही जादू होते हेही खरं नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर सुट्टीनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत मांड्या अशा आंबल्या की जिना उतरताना कठड्याला धरावं लागलं. ज्या थकव्यातून सुटायचं होतं तोच पुन्हा ओढवून घेतल्यासारखं. आजारी असाल, प्रवासात असाल तर सुट्टी घ्या. ठरवून घेण्यासारखं त्यात मला काही सापडलं नाही.

खरा फायदा कुठे दिसला? सांध्यांत. उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला बार घट्ट पकडला की एक बारीक कळ यायची, पुलअपच्या वरच्या टोकाला जास्त. स्नायू दोन-तीन दिवसांत सावरतात, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) त्या वेगाने सावरत नाहीत. हलक्या आठवड्यात पुलअप निम्मे आणि कर्ल पूर्ण बंद ठेवले, तेव्हापासून ती कळ पुढच्या फेरीच्या (दोन हलक्या आठवड्यांमधल्या काळाच्या) शेवटी-शेवटी डोकावते, एरवी नाही. बेंचचा आकडा किती वाढला यापेक्षा मला याचं अप्रूप जास्त.

कधी घ्यायचा, यावर लोक तावातावाने भांडतात. दर चौथा आठवडा हलका, असं आखून दिलेलं असतं. मला ते लवकर झालं. अंगात रग असताना, वजनं सरसर वाढत असताना कॅलेंडर म्हणतं म्हणून थांबणं जिवावर येतं. आता सहा आठवडे ही वरची मर्यादा, त्याआधी लक्षणं दिसली तर तेव्हाच. लक्षणं कोणती? वॉर्मअपचं ठरलेलं वजन. माझ्यासाठी ते 60 किलो. ते एरवी कळतही नाही. ज्या दिवशी खालून वर येताना बार मध्येच रेंगाळतो त्या दिवशी वहीत खूण करतो. दुसरं, सलग दोन वेळा त्याच वजनाला रेप कमी पडणं. तिसरं, वॉर्मअप झाल्यावरही न जाणारी सांध्याची कुरकुर. झोप चाळवणं हे चौथं. एकच असेल तर दुर्लक्ष, दोन एकत्र आली की पुढचा आठवडा हलका. घड्याळातले नाडीचे आकडे बघायचे सोडून दिले. ते एका वाईट झोपेनेही हलतात.

अडचणी आहेतच. पहिली म्हणजे कंटाळा. अर्ध्या तासात आवरून निघालो की “काय रे, झालं पण?” असं कोणीतरी विचारतंच, आणि हात शिवशिवायला लागतात. दुसरी, वाचलेल्या वेळात लोक पळायला जातात, फुटबॉल खेळतात, नवीन काहीतरी सुरू करतात. मग पायांना कसला आराम? तिसरी, परतल्यावरचा उतावीळपणा. पहिल्याच दिवशी नवा विक्रम काढायचा मोह होतो, कारण अंग खरंच मोकळं झालेलं असतं. मी पहिले दोन दिवस जुनंच वजन, एक सेट कमी, असं ठेवतो आणि मग वाढवतो.

व्यायाम सुरू करून थोडेच महिने झालेल्यांना, किंवा आठवड्यातून दोनच दिवस जाणाऱ्यांना, याची फारशी गरज नाही. त्यांचं वजन अजून एवढं जड नसतं, आणि परीक्षा, पाहुणे, सर्दी-खोकला यांत त्यांचा डिलोड आपोआप होतो. वजन उतरवायला कमी खाणाऱ्यांनी मात्र सहा आठवडे वाट बघू नये, चौथा-पाचवा बरा.

डेडलिफ्टचं कोडं अजून सुटलेलं नाही. तिथे 90 टक्क्यांवर तीन सेटही कंबरेला जास्तच होतात, म्हणून सध्या एकच सेट ठेवलाय, 85 टक्क्यांच्या आसपास. पुढच्या फेरीत तो आठवडाभर पूर्ण काढून, त्याऐवजी हलका रोमानियन डेडलिफ्ट (बार जमिनीला न टेकवता कंबरेतून वाकून खाली नेऊन वर आणणं) घालून बघणार आहे.