महाप्याची बुरशी-जीनोम सेवा: असेम्ब्ली जरूर घ्या, ‘परक्या जनुकां’ची यादी तपासून घ्या

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत महाप्याच्या एमआयडीसीत असलेल्या या खासगी सिक्वेन्सिंग लॅबचं मुख्य काम बॅक्टेरियाचं. बुरशीच्या जीनोमचं पॅकेज नंतर जोडलेलं आहे. त्यात तीन गोष्टी मिळतात: डीएनए काढून लाँग-रीड सिक्वेन्सिंग (डीएनएचे लांब तुकडे वाचणं), असेम्ब्ली (वाचलेले तुकडे जोडून जीनोम उभा करणं) आणि अ‍ॅनोटेशन (त्यात जनुकं कुठे आहेत ते नोंदवणं), आणि वेगळे पैसे भरल्यास आडव्या जनुक हस्तांतरणाचा अहवाल. या बुरशीत वंशपरंपरेने न येता दुसऱ्याच जातीकडून आलेली जनुकं कोणती, त्यांची यादी म्हणजे हा अहवाल. पहिल्या दोन गोष्टी मनापासून शिफारस कराव्यात अशा आहेत. तिसरी आहे त्या रूपात घेऊ नये. ही यादी एमएस्सी-पीएचडीच्या प्रबंधात जशीच्या तशी निष्कर्ष म्हणून उतरू शकते, म्हणून तिच्याबद्दल इथे जास्त लिहिलं आहे.

आधी सॅम्पलबद्दल. लॅब जिवंत कल्चर घेते, वाळवलेलं मायसेलियम (बुरशीचे तंतू) घेते आणि तयार डीएनएही घेते. यातलं मधलं सर्वांत चांगलं. एका बीजाणूपासून वाढवलेलं कल्चर पोटॅटो डेक्स्ट्रोज ब्रॉथमध्ये २५ ते २८ अंशांवर दोन-तीन दिवस हलवत ठेवावं, मिराक्लॉथमधून गाळावं, निर्जंतुक पाण्याने धुऊन लगेच गोठवावं आणि लायोफिलाइज करावं (गोठलेलं असतानाच निर्वातात वाळवावं). आठवडाभर जुनं, काळपट झालेलं कल्चर देऊ नये. त्यातलं मेलॅनिन आणि चिकट पॉलिसॅकराइड डीएनएबरोबर शेवटपर्यंत येतात आणि नॅनोपोरची (लाँग-रीड यंत्राची) डीएनए वाचणारी छिद्रं बुजवतात. अळंबीवर्गातली बुरशी असेल तर पेशीत दोन वेगवेगळी केंद्रकं असतात आणि असेम्ब्लीत प्रत्येक जनुक दोनदा दिसतं. शक्य असेल तिथे मोनोकॅरिऑन (एकाच प्रकारचं केंद्रक असलेलं कल्चर) वेगळं करूनच पाठवावं.

लॅबची डीएनए काढण्याची पद्धत जुनी पण भरवशाची आहे: द्रव नायट्रोजनमध्ये खलबत्त्याने वाटणं, २ टक्के सीटॅब बफर ६५ अंशांवर, आरएनेज, मग २४:१ क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल. व्होर्टेक्स कुठेच वापरत नाहीत, रुंद तोंडाच्या टिप वापरतात. बुरशीची काइटिनची भिंत फोडायला जोर लागतो आणि लांब डीएनए मिळवायला हात हलका लागतो. कॉलम-किटवर सगळं उरकणाऱ्या ठिकाणी हा तोल सुटतो, इथे तो सांभाळला जातो. तयार डीएनए देणार असाल तर ३ ते ५ मायक्रोग्रॅम द्या, आणि मोजमाप क्युबिटचं (डीएनएला चिकटणाऱ्या रंगाने मोजणाऱ्या यंत्राचं) द्या. नॅनोड्रॉप आरएनएलाही डीएनए म्हणून मोजतो, त्यामुळे आकडा फुगतो. नॅनोड्रॉप हवाच, पण शुद्धतेसाठी: २६०/२८० (या नॅनोमीटरांवरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर) हे १.८ ते २.० आणि २६०/२३० हे २.० च्या आसपास. दुसरा आकडा १.५ च्या खाली असेल तर लॅब सॅम्पल परत पाठवते. ग्राहकांना याचा राग येतो, पण लॅबचं बरोबर आहे.

सिक्वेन्सिंगसाठी दोन पर्याय देतात: फक्त इल्युमिनाचे १५० बेसांचे (डीएनएच्या अक्षरांचे) छोटे रीड्स म्हणजे वाचलेले तुकडे, किंवा नॅनोपोर आणि इल्युमिना दोन्ही. स्वस्तातला पहिला पर्याय जाती ओळखायला आणि एखाद्या जनुकातली म्युटेशन बघायला चालतो. जीनोम कसा बदलला, काय कुठून आलं, हे बघायचं असेल तर तो पैसा वाया जातो, कारण बुरशीत जातींच्या सीमा ओलांडून जाणारा माल बहुधा मोठ्या तुकड्यांत आणि ट्रान्सपोझॉनच्या (जीनोममध्ये जागा बदलणाऱ्या डीएनए-तुकड्यांच्या) गर्दीत असतो. चीझच्या पेनिसिलियममधला ‘वॉलबी’ हा पट्टा ५७५ हजार बेसांचा आहे. तो वेगवेगळ्या पेनिसिलियम जातींमध्ये जवळपास जसाच्या तसा सापडल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. २०२२ मध्ये ‘स्टारशिप’ हे नाव मिळालेली महाकाय ट्रान्सपोझॉनं त्याच धर्तीची. त्यांच्या एका टोकाला ‘कॅप्टन’ म्हणवलं जाणारं टायरोसिन रिकॉम्बिनेजचं जनुक असतं आणि पोटात पाहुणी जनुकं. १५० बेसांच्या रीड्सनी असा पट्टा जोडायला गेलं की प्रत्येक रिपीटपाशी (पुन्हापुन्हा येणाऱ्या क्रमापाशी) असेम्ब्ली तुटते आणि हातात शेकडो सुटे तुकडे येतात. त्यांतला कुठला स्टारशिपचा आणि कुठला शेजारच्या गुणसूत्राचा, हे मग कोणीच सांगू शकत नाही.

किती डेटा मागायचा हे सोपं आहे. अ‍ॅस्परजिलस किंवा पेनिसिलियमचा जीनोम साधारण ३० ते ४० मेगाबेसांचा. ४० मेगाबेसांवर ६० पट कव्हरेज (प्रत्येक बेस सरासरी ६० वेळा वाचणं) म्हणजे २.४ गिगाबेस नॅनोपोर, आणि दुरुस्तीसाठी ५० पट इल्युमिना म्हणजे २ गिगाबेस. फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरमचा टोमॅटोवर मर रोग आणणारा प्रकार ६० मेगाबेसांच्या घरात जातो, तिथे आकडे दीडपट करा. तांबेऱ्याच्या बुरश्या याहून मोठ्या आणि रिपीट्सनी भरलेल्या असतात. त्यांच्यासाठी हे पॅकेज पुरत नाही, आणि लॅब हे स्वतःहून सांगते.

असेम्ब्ली हे या सेवेचं बलस्थान. फ्लाय या सॉफ्टवेअरने जोडणी, मेडाकाने पहिली दुरुस्ती, इल्युमिना रीड्सनी पॉलिपॉलिशची दुसरी. ही दुसरी दुरुस्ती गाळू नका. एकाच अक्षराच्या लांब माळेत नॅनोपोरची एखाददुसऱ्या बेसची चूक राहून जाते, वाचनचौकट सरकते आणि धडधाकट जनुक मेलेलं दिसतं. अहवालात बुस्कोच्या बुरशी-संचातल्या (बहुतेक प्रत्येक बुरशीत असायला हवीत अशा) ७५८ जनुकांपैकी किती पूर्ण, किती दुहेरी, किती गायब, हे सगळं येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कॉन्टिगच्या (सलग जोडल्या गेलेल्या तुकड्याच्या) कोणत्या टोकांना टीटीएजीजीजी हा टेलोमिअरचा (गुणसूत्राच्या टोकाचा) क्रम सापडला, तो तक्ताही देतात. दोन्ही टोकांना टेलोमिअर म्हणजे ते गुणसूत्र या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण. फ्युजॅरियमवर काम करणाऱ्यांनी आधी हा तक्ता उघडावा. टोमॅटोच्या मर रोगाची ताकद ज्याच्यावर आहे ते १४ क्रमांकाचं गुणसूत्र निरुपद्रवी स्ट्रेनबरोबर नुसतं एकत्र वाढवूनही त्यात जाऊ शकतं आणि त्याला रोगकारक करू शकतं, हे २०१० मध्ये प्रयोगाने दाखवलं गेलं आहे. असं अख्खं गुणसूत्र ओळखायचं तर ते आधी अख्खं जोडलेलं असायला हवं.

अ‍ॅनोटेशन ठीक आहे. आरएनए डेटा दिला तर चांगलं, नाही दिला तर इंट्रॉनच्या सीमा थोड्या चुकतात.

आता तो हस्तांतरणाचा अहवाल. प्रत्येक प्रथिन डेटाबेसवर शोधलं जातं. बुरशींमधली सर्वोत्तम जुळणी आणि बुरशीबाहेरची सर्वोत्तम जुळणी यांच्या ई-व्हॅल्यूंच्या (जुळणी योगायोगाने किती वेळा मिळेल त्या अंदाजांच्या) लॉगमधला फरक काढतात. तो ४५ च्या वर गेला की जनुक ‘परकं’. याला एलियन इंडेक्स म्हणतात. चाळणी म्हणून तो उपयोगी आहे. लॅब मात्र चाळणीतून जे पडलं तेच निकाल म्हणून देते, आणि यादीतली बरीच ‘परकी’ जनुकं दोन-तीन हजार बेसांच्या सुट्या कॉन्टिगवर एकटी बसलेली असतात. त्यांच्या शेजारी बुरशीचं म्हणता येईल असं काहीच नसतं. अशी नोंद म्हणजे बहुधा कल्चरमधला किंवा फ्लो सेलवरचा (सिक्वेन्सरमधल्या वाचन-पट्टीवरचा) बॅक्टेरिया.

ही चूक किती महागात पडते याचं उदाहरण बुरशीबाहेरचं, पण विसरू नये असं आहे. २०१५ मध्ये एका टार्डिग्रेडच्या (आठ पायांच्या सूक्ष्म प्राण्याच्या) जीनोमात १७.५ टक्के जनुकं परकी असल्याचं नामांकित नियतकालिकात छापून आलं. लगेचच दुसऱ्या गटाने त्याच जातीचा जीनोम वाचून दाखवलं की तो आकडा जवळजवळ सगळा बॅक्टेरियाच्या भेसळीतून आला होता. बुरशीत धोका आणखी एका वाटेने येतो. रायझोपस मायक्रोस्पोरसच्या काही स्ट्रेनच्या पेशींतच बॅक्टेरिया राहतो, आणि या बुरशीचं समजलं जाणारं रायझॉक्सिन हे विष प्रत्यक्षात तो बॅक्टेरिया बनवतो. हे २००५ मध्ये कळलं. अशा स्ट्रेनचं कल्चर एका बीजाणूपासून वाढवलं तरी बॅक्टेरिया बीजाणूतूनच बरोबर येतो. त्यामुळे ‘कल्चर शुद्ध होतं’ हे उत्तर इथे पुरेसं नाही.

दुसरी कमजोरी जीसी प्रमाणाची, म्हणजे डीएनएत जी आणि सी या बेसांचा वाटा किती त्याची. अहवालात ज्या पट्ट्याचं जीसी आजूबाजूपेक्षा वेगळं, त्याला लाल खूण असते. बुरशीत हा निकष एकट्याने टिकत नाही. अनेक अ‍ॅस्कोमायसीट बुरश्या रिपीट्समधल्या सी चं टी करून त्यांना निकामी करतात. न्युरोस्पोरामध्ये ही यंत्रणा सर्वांत नीट अभ्यासली गेली आहे. तिच्यामुळे घरच्याच डीएनएचे लांब एटी-बहुल पट्टे तयार होतात. मोहरीवर्गीय पिकांवरच्या लेप्टोस्फेरिया मॅक्युलन्सच्या जीनोमाचा सुमारे एक तृतीयांश भाग असा आहे. त्याला परका म्हणणं सरळ चूक.

तिसरी कमजोरी बुरशीअभ्यासकांना सर्वांत जास्त बोचेल: तुलना फक्त ‘बुरशी विरुद्ध इतर’ अशी आहे. एका बुरशीकडून दुसऱ्या बुरशीकडे गेलेलं जनुक या चाळणीत सापडूच शकत नाही, आणि रोगांच्या दृष्टीने मोठ्या घटना तिथेच घडलेल्या आहेत. गव्हाच्या पॅरास्टॅगोनोस्पोरा नोडोरमकडून पायरेनोफोरा ट्रिटिसाय-रिपेंटिसकडे गेलेलं टॉक्सए हे जनुक २००६ मध्ये ओळखलं गेलं. पुढे तेच बायपोलारिस सोरोकिनियानातही मिळालं, म्हणजे आपल्याकडे गव्हावर पानांचे डाग पाडणाऱ्या बुरशीत. टीएसएन१ हे जनुक असलेली गव्हाची वाणं या विषाला बळी पडतात. टॉक्सए ज्या ट्रान्सपोझॉनमध्ये बसलं आहे ते सुमारे १४ हजार बेसांचं आहे. तेवढ्या पट्ट्यात या जाती जवळपास तंतोतंत जुळतात, बाहेर पडलं की फरक एकदम वाढतो. हीच खरी खूण, आणि ती पाहायला जवळच्या जातींचे जीनोम शेजारी ठेवून जुळवावे लागतात. सध्याच्या अहवालात ते काम नाही.

लॅबची जमेची बाजू अशी की लेखी मागितलं तर कच्ची सामग्री सगळी देतात. त्यामुळे हस्तांतरणाचं मॉड्यूल न घेता वर्क ऑर्डरमध्येच पुढच्या गोष्टी लिहून घ्याव्यात. असेम्ब्लीवर ब्लॉबटूलकिट आणि एफसीएस-जीएक्स ही भेसळ शोधणारी सॉफ्टवेअर चालवून भेसळीचे कॉन्टिग वेगळ्या फाइलमध्ये द्यावेत, गुपचूप काढून टाकू नयेत. प्रत्येक कॉन्टिगचं नॅनोपोर आणि इल्युमिना कव्हरेज स्वतंत्र द्यावं. आपलं सॅम्पल ज्या फ्लो सेलवर चढेल त्यावर बॅक्टेरियाचे आयसोलेट बारकोड करून सोबत चढवू नयेत, आणि बॅक्टेरियासाठी वापरून धुतलेला फ्लो सेलही नको. धुतल्यावरही थोडे जुने रीड्स उरतात, आणि अशा कामात ते थोडेच पुरे होतात. शेवटचं, बॅम फाइल हवी, म्हणजे कोणता रीड असेम्ब्लीवर कुठे बसतो त्याची नोंद.

बॅम हातात आली की एखाद्या जनुकावर विश्वास ठेवायचा की नाही हे घरीच ठरवता येतं. जनुकाच्या दोन्ही बाजूंना निःसंशय बुरशीची जनुकं हवीत. सांधा (परकं जनुक आणि घरचा डीएनए मिळतात ती जागा) ओलांडून दोन्हीकडे काही हजार बेस जाणारे अनेक वेगवेगळे नॅनोपोर रीड्स हवेत, एखादा रीड पुरत नाही, कारण लायब्ररी बनवताना दोन असंबद्ध तुकडे एकमेकांना चिकटू शकतात. कव्हरेज शेजाऱ्यांइतकंच हवं. बॅक्टेरियाकडून आलेल्या जनुकात इंट्रॉन सापडला तर ते बुरशीत बराच काळ नांदलं आहे याचा तो चांगला पुरावा, पण नसला म्हणून दावा पडत नाही. यातून जे उरेल त्याचं मॅफ्टने अलाइनमेंट आणि आयक्यू-ट्रीने वंशवृक्ष. जनुक दात्याच्या शाखेच्या आत बसायला हवं, आणि ‘ते बुरशींतच राहतं’ असा सक्तीचा वृक्ष एयू या सांख्यिकी चाचणीत नाकारला जायला हवा. जवळच्या चार जातींनी तेच जनुक गमावलं असेल तरी वृक्ष फसवा दिसतो, म्हणून नातेवाईक जातींचे जीनोम जितके घालता येतील तितके घालावेत. सरतेशेवटी नव्याने काढलेल्या डीएनएवर सांध्याचा पीसीआर. प्रायमरची एक बाजू परक्या जनुकात आणि दुसरी घरच्या जनुकात ठेवायची.

ठाणे खाडीच्या गाळातून धातू सहन करणारे आयसोलेट काढणाऱ्या गटांनी स्टारफिश हे सॉफ्टवेअरही चालवावं. ते कॅप्टन जनुक शोधून स्टारशिपच्या सीमा आखतं. पेसिलोमायसिस व्हॅरिओटीमधलं ‘हेफेस्टस’ हे असंच स्टारशिप धातू सहन करण्याची जनुकं घेऊन फिरतं, त्यामुळे खाडीच्या बुरशीत पहिला शोध याचाच घ्यायला हवा.

व्यवहार सरळ आहे. क्वोटेशनमध्ये जीएसटी वेगळा दाखवतात, एक्स्ट्रॅक्शन फसलं तर फक्त त्या टप्प्याचे पैसे घेतात. फोनवर माणूस मिळतो आणि तो तांत्रिक प्रश्नांना उत्तर देतो, ही या भागात दुर्मीळ गोष्ट. पावसाळ्यात कोरड्या बर्फातलं पार्सल कुरिअरने पाठवण्यापेक्षा स्वतः नेऊन द्यावं. लायोफिलाइज केलेलं मायसेलियम सिलिका जेलसह साध्या तापमानाला सुखरूप पोहोचतं. कल्चरची एक प्रत आधी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहात जमा करावी, म्हणजे जीनोमला कायमचा नंबर असलेला स्ट्रेन मिळतो. निकाल घ्यायला जाताना मोठी हार्ड डिस्क न्यावी: पॉड५ फाइल (नॅनोपोरचा कच्चा सिग्नल) लॅब फार काळ ठेवत नाही, आणि पुढे सुधारित बेसकॉलरने (सिग्नलचं अक्षरांत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने) रीड्स पुन्हा वाचायचे असतील तर त्याच फाइल लागतात.