सिग्नल ॲप, 2021 पासून वापरतोय

जानेवारी 2021 मध्ये व्हॉट्सॲपच्या नव्या प्रायव्हसी पॉलिसीवरून बोंबाबोंब झाली ना, तेव्हा सिग्नल हे मेसेज-कॉलचं ॲप टाकलं ते आजपर्यंत फोनमध्ये आहे. आधी एक क्लिअर करतो, व्हॉट्सॲपचे मेसेजही एनक्रिप्टेडच असतात, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणी वाचू शकत नाही, आणि तेही सिग्नलच्याच प्रोटोकॉलने (पद्धतीने), पण कोण कोणाशी कधी आणि किती वेळा बोलतंय ही माहिती वेगळी, आणि जाहिरातीवर जगणाऱ्या कंपनीकडे ती असावी हेच मला नको आहे. सिग्नलकडे 2016 मध्ये अमेरिकेत कोर्टामार्फत माहिती मागितली तर द्यायला निघालं काय, अकाउंट कधी उघडलं आणि शेवटचं कनेक्ट कधी झालं, बस्स! मला पटलं ते हे. मागे ना-नफा फाउंडेशन आहे, डोनेशनवर चालतं, जाहिरात एकही नाही.

खटकतं ते म्हणजे नंबर दिल्याशिवाय अकाउंट उघडत नाही, 2024 पासून युजरनेम ठेवून तो लपवता येतो एवढंच. आणि माणसं नाहीत हो, सोसायटी, शाळा, दूधवाला सगळे तिकडेच, म्हणून व्हॉट्सॲप काढता येत नाही याचा खरंच राग येतो.

सरकारवर तरी काय भरवसा ठेवायचा, आपल्याकडच्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात सरकार स्वतःच्याच यंत्रणांना त्या कायद्यातून सूट देऊ शकतं.

आईला दिवाळीत शेजारी बसवून शिकवलं, आता ती रोज रात्री सिग्नलवरूनच व्हिडिओ कॉल करते, आवाज एकदम स्वच्छ येतो. पाचपैकी चार.