काचेचा तीन पट्ट्यांचा हायड्रोमीटर: कांडी चोख, सोबतचं नळकांडं निकामी

घरी पहिल्यांदाच बिअर करणाऱ्यांनो, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) कुठले घ्यायचे यावर डोकं शिणवण्याआधी हे वाचा. मी घेतला तो नेहमीचा, काचेचा हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात तरंगून त्याची घनता दाखवणारी कांडी. आतल्या कागदावर तीन पट्ट्या: घनता (पाण्याच्या तुलनेत), ब्रिक्स (वजनाने साखरेचे टक्के) आणि संभाव्य अल्कोहोल. सोबत प्लास्टिकचं उभं नळकांडं आणि चिटोऱ्याएवढं माहितीपत्रक.

घनतेच्या रेघा ०.००२ च्या अंतराने आहेत. २० अंश सेल्सिअसच्या डिस्टिल्ड पाण्यात १.००० दिसायला हवं, माझा अर्धी रेघ जास्त दाखवतो. आतला कागद किंचित सरकलेला असतो, त्याला काही हरकत नाही, दरवेळी ०.००१ वजा करायचं. पण हा फरक वरपर्यंत तेवढाच राहतो का, हे नुसत्या पाण्याने कळत नाही. म्हणून २५ ग्रॅम साखर १७५ ग्रॅम पाण्यात विरघळवली. हे झालं १२.५ ब्रिक्सचं पाणी, म्हणजे घनता साधारण १.०५०. तिथेही तीच अर्धी रेघ जास्त. कांडीवर माझा विश्वास बसला तो इथे.

नळकांड्याबद्दल मात्र चांगलं बोलवत नाही. इतकं अरुंद की कांडी भिंतीला चिकटून बसते, आणि बूड डुगडुगतं. कांडी मोकळी तरंगली नाही तर आकड्याला अर्थ नाही. मी रुंद, जड बुडाचं काचेचं नळकांडं वेगळं आणलं. त्यात कांडी सोडून हलकेच गरकन फिरवायची, म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतात. ते कांडीला वर उचलतात आणि आकडा उगाच फुगतो. मग डोळे पातळीला आणून काचेपाशी वर चढलेली कड सोडून सपाट पृष्ठभागाची रेघ वाचायची.

पत्रकात तापमानाचा तक्ताच नाही, ही खरी चीड. ३० अंशांच्या वर्टमध्ये (बिअर व्हायच्या आधीच्या माल्टच्या गोड पाण्यात) आकडा साधारण ०.००२५ ने कमी दिसतो, ४० ला सुमारे ०.००६ ने. उकळत्याच्या जवळपासच्या वर्टमध्ये तर बुडवूच नका, पातळ काच तडकते. नमुना गार करून मोजलेला बरा, गणितं कशाला? माल्टच्या तयार अर्काच्या किटमध्ये वरून पाणी घालत असाल तर आधी खळखळून ढवळा. जड वर्ट तळाशी बसतो आणि बिचाऱ्या कांडीला नावं ठेवली जातात.

तिसरी पट्टी विसरून जा. सगळी साखर संपून घनता १.००० वर येईल, असं ती धरून चालते. बिअर सहसा तिथवर जात नाही. माझी १.०५० ला सुरू होऊन १.०१२ ला थांबली. फरकाला १३१.२५ ने गुणलं की जवळपास ५ टक्के अल्कोहोल येतं. पट्टीवर सुरुवातीलाच साडेसहाच्या घरातला आकडा होता.

रिफ्रॅक्टोमीटरला (प्रकाश किती वळतो यावरून साखर मोजणाऱ्या यंत्राला) दोन थेंब पुरतात, याला जवळजवळ पेलाभर नमुना लागतो, हे खरं. पण यीस्टचं काम सुरू झालं की अल्कोहोलमुळे रिफ्रॅक्टोमीटरचं वाचन चुकतं, वेगळं सूत्र लावावं लागतं. बाटल्या भरायच्या की नाही हे मी या कांडीवरच ठरवते: दोन-तीन दिवसांच्या अंतराने तोच आकडा आला तरच, नाहीतर आत साखर उरून बाटल्या फुटायची भीती. मोजलेला नमुना परत फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) ओतू नका, जंतू जातात. पिऊन टाका. कोमट आणि बिनफेसाचा असतो, पण चव कुठे चालली आहे ते कळतं.