रिफर्बिश्ड ऑप्टिप्लेक्स ७०६०: गेमिंगसाठी घेताय तर आधी पॉवर सप्लाय बघा

पंधरा हजारांच्या आत (ग्राफिक्स कार्ड सोडून) गेमिंगचा डेस्कटॉप हवा असेल तर नवीन माल विसरा. कंपन्यांनी लॉटमध्ये काढून टाकलेले ऑफिसचे डबे, म्हणजे रिफर्बिश्ड, एवढाच रस्ता उरतो. सोलापुरात नवी पेठेत किंवा सात रस्त्याला चौकशी केली की डेलचा एखादा ऑप्टिप्लेक्स पुढे येतोच. त्यातला २०१८ चा ७०६०, आय-फाइव्ह ८५०० वाला, आजही घेण्यासारखा आहे. सहा कोअर, टर्बोला ४.१ गिगाहर्ट्झ, डीडीआर ४ रॅम, एनव्हीएमई एसएसडीला जागा. दुकानदार याच गोष्टी मोजून दाखवतो आणि ‘सगळं चालतंय की, घेऊन जावा’ म्हणतो. चालतं हे खरंच. पण गेमिंग अडतं ते त्याने न दाखवलेल्या दोन जागी: पॉवर सप्लाय आणि कॅबिनेटची रुंदी.

आठव्या पिढीच्या खाली उतरू नका, हे आधीच सांगतो. चौथ्या पिढीचा ७०२० किंवा सहाव्या पिढीचा ७०४० तीन-चार हजारांनी स्वस्त पडतो, पण विंडोज ११ च्या अधिकृत यादीत ते प्रोसेसर नाहीत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या मशीनवर तपासणी चुकवून विंडोज ११ टाकून देतात आणि ते सुरूही होतं. मग व्हॅलोरंट टाकलं की व्हॅनगार्ड, म्हणजे त्या गेमचा फसवणूक पकडणारा प्रोग्राम, अडवतो, कारण विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं विंडोज सुरू होऊ देणारी सेटिंग) दोन्ही लागतात. ७०६० मध्ये दोन्ही आहेत. सिक्युअर बूट बंद असेल तर चालू करताना एसएसडीची विभागणी जीपीटी या नव्या पद्धतीची आहे ना बघा, जुनी एमबीआर असेल तर विंडोज उठणारच नाही.

आता मुख्य मुद्दा. ७०६० चे दोन आकार आपल्या कामाचे: छोटा डबा, म्हणजे एसएफएफ, आणि उभा टॉवर. (पुस्तकाएवढा मायक्रोही असतो, पण त्यात ग्राफिक्स कार्ड बसतच नाही.) एसएफएफला २०० वॅटचा सप्लाय, टॉवरला सहसा २६० वॅटचा. दोन्हींत ग्राफिक्स कार्डासाठी वेगळी ६ किंवा ८ पिनी वायर येत नाही. मदरबोर्डचा प्लगही नेहमीचा २४ पिनी नाही, डेलचा स्वतःचा आहे, आणि हार्डडिस्कचा करंट मदरबोर्डमधूनच निघतो. त्यामुळे ‘पुढे मोठा सप्लाय टाकू’ हा बेत टॉवरमध्ये कन्व्हर्टर केबल घेऊन कसाबसा जमतो, एसएफएफमध्ये जागेअभावी जमत नाही. म्हणजे कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटमध्येच भागणारं हवं.

यावर बाजारात एक जुगाड सुचवला जातो: हार्डडिस्कच्या साटा प्लगवरून ६ पिनी बनवणारा अडॅप्टर. तो घेऊ नका. साटा प्लगवर १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे सगळे मिळून ५४ वॅट. सहा पिनी प्लगवरून कार्ड ७५ वॅट ओढू शकतं. नेहमीच्या पीसीत प्लग वितळतो, इथे तर तो करंट मदरबोर्डच्या तांब्याच्या रेघांतून येतोय. जळेल ते बोर्ड, आणि बोर्डाच्या भावात दुसरा डबा येतो.

मग कोणतं कार्ड? आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीची आवृत्ती या मशीनसाठीच काढल्यासारखी आहे: ७० वॅट, वेगळी वायर नको, आणि छोट्या डब्यात बसणारं कमी उंचीचं, म्हणजे लो प्रोफाइल, मॉडेलही मिळतं. नीट बघा, ६ जीबी. याच नावाचं ८ जीबीचं कार्ड १३० वॅटचं आहे, त्याला वायर लागते, ते इथे चालणार नाही. काउंटरवर ‘३०५० म्हणजे ३०५०च’ असं ऐकू येईल, खोक्यावरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. जुन्या बाजारातलं जीटीएक्स १६५० हा दुसरा पर्याय, पण त्यातल्या काही मॉडेलांना ६ पिनी प्लग असतो, तेव्हा कार्डाची कड बघून घ्या. जीटीएक्स १०५० टीआय अगदीच स्वस्तात मिळालं तरच.

आरएक्स ६४०० बद्दल थोडं सविस्तर, कारण एसएफएफवाल्यांना तेच गळ्यात मारतात. ५३ वॅट, सिंगल स्लॉट, लो प्रोफाइल, त्यामुळे बसतं मस्त. पण ते पीसीआयई ४ च्या (कार्ड आणि मदरबोर्डमधली जोडणी) फक्त चार लेनवर चालतं. ७०६० चा स्लॉट पीसीआयई ३ चा, म्हणजे वाट निम्मी झाली. ४ जीबी मेमरी भरेपर्यंत फारसं जाणवत नाही. भरली की मुख्य रॅमशी देवाणघेवाण त्याच अरुंद वाटेने होते आणि गेम झटके खातो. टेक्स्चर एक पायरी खाली ठेवलं तर हे टळतं. दुसरी अडचण, त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे रेकॉर्डिंग किंवा स्ट्रीमिंग कार्डावर होत नाही. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणारी मूळ सेटिंग) व्हिडिओच्या पानावर मल्टी-डिस्प्ले चालू केलं की इंटेलचा आतला ग्राफिक्स जागा राहतो, मग ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये क्विकसिंक, म्हणजे इंटेलचा एन्कोडर, निवडायचं.

आरएक्स ५८० चा मोह मात्र सोडाच. ऑनलाइन स्वस्त दिसतं, पण १८५ वॅट आणि ८ पिनी. त्यात ‘२०४८ एसपी’ लिहिलेलं असेल तर ते मुळात ५७० च आहे.

वीजेचा हिशेब असा: प्रोसेसर ६५ वॅट (टर्बोत काही सेकंद त्याहून बराच वर), कार्ड ७०, बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पंचवीस-तीस. एकूण १६० ते १६५. टॉवरच्या २६० मध्ये आरामात. एसएफएफच्या २०० मध्ये जमतं, पण सहा वर्षं ऑफिसात चाललेल्या सप्लायकडून रोज एवढं काढणं म्हणजे त्याला कायम धापा टाकायला लावणं. भरगेममध्ये मशीन एकदम बंद पडून स्वतः पुन्हा सुरू होत असेल तर पहिला संशय सप्लायवर. एसएफएफ घेणारच असाल तर झाकण उघडून लांब स्लॉटच्या शेजारी दुसऱ्या स्लॉटची जागा खरंच मोकळी आहे का, ते पट्टीने मोजा. लो प्रोफाइल ३०५० बहुतेक दोन स्लॉटची जागा घेतं. टॉवर मिळत असेल तर हा सगळा व्याप वाचतो. दुकानात छोटे डबेच जास्त असतात, टॉवरसाठी आठवडाभर थांबावं लागलं तरी थांबा.

दुकानात तपासायचं ते असं. मागचा सर्व्हिस टॅग डेलच्या सपोर्ट पानावर टाका, मशीन कधी निघालं आणि मुळात त्यात काय होतं ते कळतं. एफ-२ दाबून बायोस उघडा. पासवर्ड मागितला तर दुकानदाराकडूनच काढून घ्या. बोर्डवर ‘पीएसडब्ल्यूडी’ लिहिलेला जंपर त्यासाठीच असतो, पण घरी आणल्यावर ते तुमच्या डोक्याला नको. एफ-१२ च्या मेनूत डेलची स्वतःची डायग्नोस्टिक्स आहे, ती पूर्ण चालू द्या. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडीची टक्केवारी आणि चाललेले तास बघा. अनेक डब्यांत मूळ एसएसडी काढून बिननावाची बसवलेली असते. विंडोजच्या अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर ‘डिजिटल लायसन्स’ दिसलं पाहिजे. या मशीनांच्या बायोसमध्ये सहसा विंडोज १० प्रोची की असते, त्यावर ११ प्रो अ‍ॅक्टिव्हेट होतं. तरीही केएमएसची क्रॅक (की नसताना विंडोज अ‍ॅक्टिव्हेट दाखवणारी चोरवाट) टाकून ठेवणारे असतात. घरी आणून कोरी विंडोज टाकणं उत्तम.

ती टाकताना हमखास अडकतो तो एक भाग: पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल करताना एसएसडी दिसतच नाही. डेल बायोसमध्ये साटा ऑपरेशन (डिस्क कोणत्या पद्धतीने चालवायची ती सेटिंग) ‘रेड ऑन’ ठेवून देतो. ते ‘एएचसीआय’ करा, एसएसडी लगेच दिसेल. आधीपासून असलेल्या विंडोजवर हा बदल थेट केलात तर निळी स्क्रीन येते. आधी सेफ मोड लावून ठेवायचा, मग बायोसमध्ये बदल, सेफ मोडमध्ये एकदा सुरू, मग नेहमीसारखं. आणि झाकण उघडल्यावर ‘कव्हर काढलं होतं’ असा इशारा आला तर घाबरू नका, आत एक बारीक स्विच असतो. बायोसमध्ये इशारा पुसून टाकता येतो.

रॅम ८ जीबीची एकच पट्टी येते. दुसरी ८ ची घाला, जोडी झाली की ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकदम कामाला. कार्ड नसताना तर याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो, कारण आतला यूएचडी ६३० याच रॅमवर जगतो. ३२०० ची पट्टी घेतली तरी चालेल २६६६ वरच, जादा पैसे देऊ नका.

मागच्या बाजूला बऱ्याच ७०६० ना दोन डिस्प्लेपोर्ट असतात, एचडीएमआय नसतो. वायफायही नसतो. लॅन केबल ओढा, नाहीतरी पिंगसाठी तेच बरं.

आता सोलापूरचं म्हणून जे आहे ते. इंटेलची मर्यादा १०० अंश, पण मे महिन्यात बाहेर ४२-४३ आणि पत्र्याखालची खोली असेल तर जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) वेळी ७० वर खेळणारं मशीन तेव्हा ८५ च्या पुढे जातं. खोली जितक्या अंशांनी तापते, चिपही साधारण तितकीच तापते, त्यात प्रोसेसरचा दोष नाही. डबा घेतल्या घेतल्या प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट बदला, आतली सुकून भुगा झालेली असते. मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, कूलरचे चार स्क्रू आडवे-तिरपे थोडेथोडे सैल करा, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत पुसा आणि मधोमध हरभऱ्याच्या डाळीएवढी पेस्ट ठेवा. स्क्रू परत त्याच तिरप्या क्रमाने घट्ट करा.

पूर्व भागात, साखर पेठ, अशोक चौक, अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला राहणाऱ्यांना धुळीपेक्षा कापसाची फुसरी जास्त छळते. यंत्रमागाचा तो बारीक तंतू पुढच्या जाळीतून आत जातो आणि कूलरच्या पट्ट्यांमध्ये नमद्यासारखा बसतो. वरून ब्लोअर मारून निघत नाही. पंखा सोडवून पट्ट्यांच्या तोंडावरचा थर चिमट्याने सोलून काढायचा, मगच हवा मारायची. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भरमसाट फिरून बेअरिंग खराब होतं. दोन महिन्यांतून एकदा हे केलं की पुरतं. डबा जमिनीवर ठेवू नका.

अर्थिंगबद्दल दुकानदार बोलत नाही आणि घरमालक तर नाहीच. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थ नाही. सप्लायच्या फिल्टरमधले कपॅसिटर कॅबिनेटला जोडलेले असतात, अर्थ नसेल तर कॅबिनेटवर मेनच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं. करंट इवलासा, माणसाला झिणझिण्या एवढंच. पण त्याच अवस्थेत टीव्हीला एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची केबल लावली की फटका पोर्टला बसतो आणि कार्ड जातं. मल्टीमीटरवर फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. जुन्या वाड्यांत आणि चाळीत तिसरं भोक नुसतंच असतं, आत तारच नाही. वायरमनकडून ओढून घ्या.

यूपीएस ६०० व्हीएचा (सुमारे ३६० वॅट) या मशीनला आणि एका मॉनिटरला पुरतो. लाइट गेल्यावर खेळत बसण्यासाठी नाही, दहा मिनिटांत मॅच सोडून नीट बंद करण्यासाठी.

चालतं काय? कार्डाशिवाय व्हॅलोरंट १०८० पी लोवर ६० च्या आसपास, सीएस २ (काउंटर-स्ट्राइक) मात्र ७२० पीवर आणूनही ओढूनताणून. त्याला ८५ जीबी जागा लागते, म्हणजे २५६ ची एसएसडी विंडोज आणि दोन गेममध्येच संपली. ३०५० लावल्यावर जीटीए ५ हायवर निवांत. अलीकडचे मोठे गेम १०८० पी मिडियमवर बहुतेक खेळता येतात, पण गर्दीच्या दृश्यात सहा थ्रेड कमी पडून अधूनमधून अडखळ जाणवते. ती कार्ड बदलून जाणार नाही.

डबा आणि कार्ड मिळून बेरीज पस्तीस हजारांवर जायला लागली तर थांबा. तेवढ्यात एएमडीच्या एएम४ सॉकेटचा जुना सेट जुळतो, ज्यात नेहमीचा सप्लाय बसतो आणि पुढे कार्ड बदलायची सोय राहते. सोलापुरात टॉवर मिळाला नाही तर पुण्याहून किंवा सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमधून मागवता येतो. ट्रान्सपोर्टने मागवताना ग्राफिक्स कार्ड वेगळं काढून स्वतंत्र खोक्यात पाठवायला सांगा. आत बसवलेलं कार्ड हादऱ्यांनी स्लॉट उचकटून येतं.