नऊ महिने आणि एक नागपुरी उन्हाळा: घरी जोडलेल्या कॉम्प्युटरचा अनुभव

मागच्या अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिल २०२५ ला, नागपूरच्या बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) सगळी खोकी ऑटोत भरून आणली आणि भाच्याला हाताशी घेऊन रात्री दीडपर्यंत कॉम्प्युटर जोडला. त्याआधी तीन महिने मी नुसते आकडे वाचत होतो. कोणतं ग्राफिक्स कार्ड घ्यावं यावर जेवढं डोकं खपवलं, तेवढं भाड्याचं घर शोधतानाही खपवलं नव्हतं. आज नऊ महिन्यांनी त्या कार्डाबद्दल सांगण्यासारखं फार नाही, ते आपलं काम गुमान करतं. सांगायचंय ते बाकीच्या मंडळींबद्दल, ज्यांना मी कोटेशनच्या शेवटच्या चार ओळींत उरकलं होतं.

माझी कामं दोन. एक म्हणजे पक्ष्यांचे फोटो: गोंदियाकडे सारस, हिवाळ्यात तलावांवरची बदकं, कधीमधी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य. कॅमेरा ३३ मेगापिक्सेलचा, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची) फाइल चाळीस एमबीच्या आसपास, आणि एका फेरीत हजार-दीड हजार फोटो सहज होतात. दुसरं काम रात्री जेवण झाल्यावरचं, सायबरपंक २०७७ हा गेम. भाचा आला की मग व्हॅलोरंट, तेव्हा मला खुर्ची मिळत नाही.

प्रोसेसर एएमडीचा रायझन ७ ७७०० घेतला, नावाच्या शेवटी एक्स नसलेला. आठ कोअर दोन्हींत आहेत. पण साधा ७७०० हा ६५ वॅटचा आणि एक्सवाला १०५ वॅटचा. हे कागदावरचे आकडे झाले, प्रत्यक्षात पहिला ८८ वॅटपर्यंत ओढतो आणि दुसरा १४२ पर्यंत. लाइटरूममधून (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) पाचशे फोटो एक्सपोर्ट करताना दोघांत फरक पडतो, पण तो चहा थोडा आधी संपण्याइतकाच. उलट मे महिन्यात नागपूरच्या खोलीत पन्नास वॅट जास्तीची शेगडी कोण पेटवील? इंटेलचा विचार केला होता, पण त्याच्या एलजीए १७०० सॉकेटवर (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) पुढे नवीन काही येणार नव्हतं. एएमडीने एएम५ सॉकेट २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालवण्याचं सांगितलंय, म्हणजे तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून भागेल.

ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबीचं. इथे एक इशारा देतो. या एकाच नावाने ८ जीबीचं आणि १६ जीबीचं अशी दोन कार्डं विकली जातात. मला आलेल्या पहिल्या कोटेशनमध्ये नुसतं ‘५०६० टीआय’ लिहिलेलं होतं आणि भाव बघून मी खूश झालो होतो. मेमरी किती, असं विचारल्यावर दुकानदार म्हणाला, “भाऊ, गेमिंगला आठ बस होते.” ते ८ जीबीचं होतं. एरवी बस होतही असेल, पण १४४०पी वर (२५६० बाय १४४० ठिपक्यांच्या स्क्रीनवर) गेमचे टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागांचे बारकावे, वर ढकलले की आठ जीबी भरायला वेळ लागत नाही. तेव्हा बिलावर जीबीचा आकडा लिहून घ्या आणि खोक्यावरचा वाचूनच पैसे द्या.

फोटोंसाठी या कार्डाचा खरा उपयोग एकच, लाइटरूमचं एआय डीनॉइज, म्हणजे अंधारातल्या फोटोतले दाणे पुसणं. एप्रिल २०२३ मध्ये ते आलं तेव्हा मी जुन्या लॅपटॉपवर एक फोटो लावून अंघोळीला जात असे. आता पहाटेच्या अंधारात ६४०० आयएसओवर काढलेला सारस दहा-पंधरा सेकंदांत साफ होतो. चाळीस फोटो निवडून लावून दिले की जेवण होईपर्यंत तयार. बाकी लाइटरूममध्ये मास्क ओढा, क्रॉप करा, फोटोंमागून फोटो चाळा, कार्ड निवांतच असतं. फक्त फोटोंसाठी कोणी मला विचारलं तर मी याच्याहून महाग कार्ड घेऊ नका असंच सांगीन.

पहिल्या रात्रीची गोष्ट राहिलीच. बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. एक मिनिट, दोन मिनिटं, काहीच नाही. भाचा म्हणाला, “गेलं वाटतं.” मी बटण दाबून बंद करायला निघालो होतो तेवढ्यात चित्र आलं. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा लावली की मदरबोर्ड तिची चाचपणी करत बसतो, त्यात काही मिनिटं जातात. हे आधी माहीत असतं तर माझा बीपी वाढला नसता. त्यानंतर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सोय, चालू करायला विसरू नका, नाहीतर ६००० ची म्हणून घेतलेली रॅम आपली ४८०० वर चालत राहते आणि कोणी काही बोलत नाही.

त्याहून मोठी फजिती पुढचे दोन दिवस चालली. गेम बैलगाडीसारखा चालत होता. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकले, विंडोज अपडेट केलं, कार्डच खराब आलं म्हणून परत करायच्या बेतात होतो. तिसऱ्या दिवशी भाचा टेबलामागे वाकला आणि ओरडला, “मामा, वायर कुठं खोचली तू?” मॉनिटरची केबल मी मदरबोर्डच्या पोर्टात लावली होती. ७७०० च्या पोटातच छोटं ग्राफिक्स आहे, त्यामुळे चित्र छान दिसत होतं आणि पन्नास हजारांचं कार्ड शेजारी झोपा काढत होतं. हा किस्सा आता आमच्याकडे प्रत्येक लग्नकार्यात सांगितला जातो.

आता उन्हाळा. प्रोसेसरसाठी डीपकूलचा एके४०० टॉवर कूलर पहिल्यापासूनच वेगळा घेतला होता. (खोक्यातला रंगीत दिव्यांचा पंखा भाच्याने शोभेला नेला.) आई म्हणाली, “यालेही कूलर लागते का?” लागतो, आणि घोळ नेमका दोन कूलरांच्या मधे झाला. आमच्या खोलीत खिडकीला मोठा डेझर्ट कूलर आहे. त्याच्या गार वाऱ्याच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवलं तर दोघांचं भलं होईल, असा माझा हिशेब. तापमान खरंच चार-पाच अंशांनी उतरलं. तीन आठवड्यांनी पुढची जाळी काढली तर धूळ आणि ओल मिळून तिच्यावर कणीक मळल्यासारखा थर बसलेला. कूलरचा वारा गार असतो तो पाण्यामुळेच, हे इथे जन्म काढूनही मला जाळी हातात घेतल्यावर आठवलं. कॅबिनेट उचलून समोरच्या कोपऱ्यात नेलं, झोताबाहेर. दुकानात मला पुढून अख्खी काच असलेलं, आत इंद्रधनुष्य फिरणारं कॅबिनेट आवडलं होतं. जाळीवालं घेतलं ही त्या दिवशीची माझी सगळ्यात शहाणी खरेदी. जाळी निदान काढून धुता येते.

आकडे हवेत म्हणून देतो. मे महिन्यात खोली ३६ अंशांवर असताना तासभर गेम खेळल्यावर कार्ड ८० आणि प्रोसेसर ८५ च्या घरात. डिसेंबरात खोली २१ वर, तर तेच कार्ड ६५. म्हणजे आतला पंखा बाहेरच्या हवेपेक्षा गार काही करू शकत नाही, खोली जेवढी तापेल तेवढं आतलं चढणार. आपल्याकडचे भाग निवडताना थंड देशांतल्या चाचण्यांचे आकडे बघितले तर त्यात पंधरा अंश मनात मिळवा. उन्हाळ्यात मी एवढंच करतो की गेमच्या फ्रेमची मर्यादा सेकंदाला ६० वर बांधतो. कार्ड शांत राहतं, पंख्याचा आवाज पडतो आणि मला तरी फरक दिसत नाही. भाच्याला दिसतो म्हणे.

जूनमध्ये वादळं सुरू झाली आणि लाइट जाऊ लागली. घरात जुना ६०० व्हीएचा यूपीएस होता, मी तोच लावला होता. फोटोंचं काम करताना लाइट गेली तर तो निमूट सांभाळायचा. गेम चालू असताना गेली की तोच टूं करून बसायचा. मग पहिल्यांदा कागद घेऊन बेरीज केली. कार्ड १८० वॅट, प्रोसेसर ८८, पंखे-डिस्क-बोर्ड मिळून पन्नासेक, एसएमपीएसची (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याची) गळती, वर मॉनिटर तीसेक. चारशेच्या जवळ गेलं. ६०० व्हीएचा यूपीएस देतो ३६० वॅट. एवढी साधी बेरीज मी एसएमपीएस घेताना केली होती (६५० वॅटचा, गोल्ड), यूपीएससाठी करायचं सुचलं नाही. आता ११०० व्हीएचा आहे. गेम सेव्ह करून शांतपणे बंद करता येतो.

याच काळात पायात चप्पल नसली की कॅबिनेटच्या पत्र्याला बोट लागताच बारीक झिणझिण्या यायच्या. पहिला संशय अर्थात एसएमपीएसवर. इलेक्ट्रिशियनने मीटर लावला आणि भिंतीतला बोर्ड उघडला, तर सॉकेटची अर्थिंगची वायर मागे मोकळीच लोंबत होती. वीस वर्षं त्या सॉकेटवर काय काय चाललं, कोणाला कळलं नाही. एसएमपीएसमधला फिल्टर थोडीशी गळती पत्र्याकडे सोडतच असतो, ती अर्थिंगवाटे निघून जायला हवी. जायला वाट नव्हती म्हणून ती माझ्या बोटातून जात होती. वायर जोडली, झिणझिण्या गेल्या. दीड लाखाची वस्तू लावण्याआधी दोनशे रुपये देऊन सॉकेट तपासून घ्यावं, हे मला कुठल्याच यादीत वाचायला मिळालं नव्हतं.

मॉनिटरनं मात्र मला सगळ्यात जास्त छळलं. २७ इंच, १४४०पी, आयपीएस, १८० हर्ट्झ. गेमसाठी झकास. गेममध्ये रंग भडक दिसत होते आणि मी त्यावर बेहद्द खूश होतो, फोटोंत मात्र सारसाचं डोकं म्हणजे लाल मिरची. पावसाळ्यात बारा फोटो प्रिंटला दिले. आले ते फिकट, आणि वर काळवंडलेले. लॅबवाल्याशी वाद घालून आलो. चूक माझीच होती, आणि ती दुहेरी होती. या पॅनेलचा रंगांचा आवाका एसआरजीबीपेक्षा (साध्या मॉनिटरच्या ठरीव रंगमापापेक्षा) बराच मोठा आहे, पण विंडोजकडे त्याचं नीट प्रोफाइल (त्याच्या रंगांची नोंद) नव्हतं, त्यामुळे लाइटरूम त्याला साधा मॉनिटर समजून रंग पाठवत होतं. स्क्रीनवर ते जास्त भडक उमटत, मी ते सोसेना म्हणून सॅच्युरेशन खाली ओढत गेलो, आणि प्रिंट बिचारे मी ओढले तेवढे फिकट आले. काळवंडले ते ब्राइटनेसमुळे. स्क्रीन नव्वद टक्क्यांवर लखलखत असेल तर फोटो आपोआप गडद ठेवला जातो.

एका फोटोग्राफर मित्राचा कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र) दोन दिवस आणला. ब्राइटनेस १२० निट्सवर आणला, पांढरा ६५०० केल्व्हिनवर, प्रोफाइल बनवलं. पहिले दोन दिवस स्क्रीन मेलेली वाटली. तेच बारा फोटो पुन्हा केले आणि पुन्हा छापले, आणि स्क्रीनशेजारी धरल्यावर पहिल्यांदाच दोन्ही एकमेकांचे वाटले. मॉनिटरच्या मेनूत एसआरजीबी मोड आहे, पण तो लावला की ब्राइटनेस बदलूच देत नाही, म्हणजे माझ्या दृष्टीने निकामी. घेण्याआधी दुकानात एवढं एक बटण दाबून बघा. मला पुन्हा संधी मिळाली तर कार्डातले आठ हजार काढून मॉनिटरमध्ये घालीन.

रॅमचं दुखणं अजून ओलं आहे. १६-१६ च्या दोन पट्ट्या घेतल्या, साडेनऊ हजारांना. ‘पुढे लागली तर आणखी दोन टाकू’ हे माझे शब्द. लागली. तलावाचे बारा-पंधरा फोटो जोडून पॅनोरमा करताना आणि शेजारी फोटोशॉप उघडं असताना ३२ जीबी भरते आणि सगळं लंगडायला लागतं. मग कळलं की एएम५ वर चार पट्ट्या लावल्या की वेग पडतो. दोन पट्ट्यांना ५२०० ची अधिकृत हमी आहे, चार पट्ट्यांना ३६०० ची. म्हणजे घालायची तर ३२-३२ च्या दोनच नव्या. हे शहाणपण येईपर्यंत नोव्हेंबर उजाडला होता आणि एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओरपायला सुरुवात केली होती. भाव दुपटीच्या पुढे गेले. डिसेंबरात मायक्रॉनने क्रूशियल हा आपला घरगुती ग्राहकांचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्यांनी एप्रिलमध्ये ६४ घेतली त्यांचा मला राग येतो.

डिस्कबद्दल तक्रार नाही. एक टीबीवर विंडोज, गेम आणि लाइटरूमचा कॅटलॉग, दोन टीबीवर फोटो, दोन्ही चौथ्या पिढीच्या एनव्हीएमई (मदरबोर्डवरच बसणाऱ्या वेगवान एसएसडी). पाचव्या पिढीच्या गरम डिस्कची मला काही गरज भासली नाही. खरा अडथळा भलतीकडे होता: सातशे रुपयांचा कार्ड रीडर. तो यूएचएस-वनचा (मेमरी कार्डांच्या जुन्या, संथ पद्धतीचा), सेकंदाला नव्वद एमबीच्या वर जाईना, कॅमेऱ्याचं ६४ जीबीचं कार्ड उतरवायला बारा मिनिटं. यूएचएस-टूचा रीडर घेतल्यावर तेच चार-सव्वाचार मिनिटांत होतं. सकाळी चारला उठून गोंदियाहून परतल्यावर ती आठ मिनिटं फार मोठी असतात.

परवा बर्डीवरच्या त्याच दुकानदाराला ३२-३२ चा भाव विचारायला फोन केला. आकडा ऐकून मी गप्प झालो. तो म्हणाला, “घ्यायची तर आज घ्या भाऊ, उद्याचं मी सांगत नाही.” सध्या पॅनोरमा दोन तुकड्यांत करतो आणि मधे फोटोशॉप बंद ठेवतो. कॅबिनेटची जाळी मात्र धुऊन ठेवली आहे, कारण कूलरची खस बदलायचे दिवस जवळ आलेत.