घरच्या वायफायला डब्ल्यूपीए२ ठेवावं की डब्ल्यूपीए३?

जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी काही मिनिटं एक धमकीचा ईमेल गेला. माग काढत पोलीस पोचले ते नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथलं वायफाय दुसऱ्याच कुणी वापरलं होतं, पण चौकशीला सामोरं जावं लागलं ते त्या घरात राहणाऱ्याला. म्हणून डब्ल्यूपीए२ की डब्ल्यूपीए३ ही राउटरमधली वायफायच्या सुरक्षेची एक सेटिंग नीट समजून घ्या असं मी सगळ्यांना सांगतो.

सुरक्षेच्या पर्यायांच्या यादीत डब्ल्यूईपी दिसलं तर तिकडे वळूच नका. १९९७ सालचं ते तंत्र २००७ मध्ये मिनिटाभरात तोडून दाखवलं गेलं. टीकेआयपी ही जुनी सांकेतीकरणाची पद्धत वापरणारं डब्ल्यूपीएही नको, त्याने नव्या राउटरचा वेगसुद्धा ५४ एमबीपीएसवर अडकतो.

खरा प्रश्न उरलेल्या दोघांचा. डब्ल्यूपीए२ (यादीत सोबत एईएस या सांकेतीकरणाच्या पद्धतीचं नाव दिसेल) २००४ पासून आहे आणि जवळपास प्रत्येक उपकरणाला चालतं. त्याची दुखरी जागा म्हणजे पासवर्ड. तुमचा फोन वायफायला जोडला जाताना होणारी देवाणघेवाण बाहेर बसलेला माणूस टिपून घेऊ शकतो आणि घरी नेऊन निवांत पासवर्ड ताडून बघू शकतो. मावशीकडे राउटर बघायला गेलो तेव्हा पासवर्ड होता काकांचा मोबाइल नंबर. आपल्याकडे घरोघरी हेच! मोबाइल नंबर ६ ते ९ नेच सुरू होतात, म्हणजे शक्यता फक्त ४०० कोटी. चांगल्या ग्राफिक्स कार्डाला हे काही तासांचं काम. मावशीच्या राउटरला डब्ल्यूपीए३ नव्हतंच, म्हणून तिच्याच अंगणातली चार झाडं आणि मध्ये एक आकडा असा लांबलचक पासवर्ड केला. तो तिच्या लगेच लक्षात राहिला.

२०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ मध्ये घरी नेऊन निवांत पासवर्ड ताडण्याची सोय राहत नाही. प्रत्येक अंदाज राउटरसमोरच करून बघावा लागतो. शिवाय आज टिपलेली माहिती उद्या पासवर्ड कळला तरी उलगडत नाही. २०१९ मध्ये यातही त्रुटी सापडल्या होत्या, त्यामुळे राउटरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करत राहायला हवं. अडचण एकच, जुना प्रिंटर किंवा स्वस्तातला स्मार्ट बल्ब याला जोडलाच जात नाही.

मग डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ दोन्ही चालू ठेवणारा मिश्र पर्याय निवडावा का? फोन-लॅपटॉप गेल्या चार-पाच वर्षांतले असतील तर मी सरळ डब्ल्यूपीए३ ठेवीन आणि हट्टी प्रिंटरला गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे त्याच राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या दुसऱ्या वायफायवर, वेगळ्या पासवर्डने डब्ल्यूपीए२ देईन. मिश्र ठेवलंत तर डब्ल्यूपीए२ चा धोका तसाच राहतो, तेव्हा पासवर्ड लांबच हवा. १५-२० अक्षरं तरी असू द्या, ६३ पर्यंत चालतात.

आणि राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने वायफायला जोडण्याची सोय, चालू असेल तर बंद करा. त्याचा आठ आकडी पिन, पण २०११ मध्ये दिसून आलं की फार तर ११,००० प्रयत्नांत तो सापडतो.