ज्युपिटर-8 : दिवाळी ते गणपती वापरल्यानंतरचा अनुभव

रेंजफाइंडर कॅमेऱ्याची (ज्यात लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून फोकस जुळवतात) जुनी लेन्स घ्यायची आहे आणि खिसाही सांभाळायचा आहे, तर सुरुवात ज्युपिटर-8 या सोव्हिएत लेन्सपासून करा. 50 मिमी, अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं भोक) एफ/2 पर्यंत उघडणारी, जर्मन लायका कॅमेऱ्याच्या आट्यांची. गेल्या दिवाळीपासून या गणपतीपर्यंत माझ्या कॅमेऱ्यावर बहुतेक वेळ हीच होती, आणि लायकाच्या नव्या समिक्रॉन लेन्सच्या पैशात अशा वीस-पंचवीस लेन्स सहज येतात हे लक्षात ठेवूनच मी हे लिहितोय. मात्र ती कोणत्या कॅमेऱ्यावर लावणार, हे आधी ठरवा. एकाच लेन्सचं मोल कॅमेऱ्यागणिक बदलतं. ते का, हे कळलं की सेकंडहँड बाजारात पैसे कुठे घालायचे हेही कळतं.

माझ्या लेन्सच्या क्रमांकाची सुरुवात 68 ने होते. सोव्हिएत लेन्सवर बहुधा पहिले दोन आकडे वर्षाचे असतात, म्हणजे ही 1968 ची. पुढच्या रिंगवर लोलकातून जाणाऱ्या किरणाचं चिन्ह आहे. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याची ती खूण. रचना मूळ जर्मनीच्या झाइस कंपनीची: लुडविग बर्टेले यांची सोनार, जी 1932 मध्ये काँटॅक्स कॅमेऱ्याबरोबर आली. महायुद्धानंतर जर्मनीतली यंत्रं, काच आणि माणसंही युद्धभरपाई म्हणून सोव्हिएत संघात गेली आणि त्या सोनारची ज्युपिटर झाली. सहा काचा, तीन गटांत. गट कमी म्हणजे हवेला टेकणारे पृष्ठभाग कमी. ज्या काळात कोटिंग नवीन होतं त्या काळात हा मोठा फायदा होता, आणि साध्या एकेरी कोटिंगवरही या लेन्सचा कॉन्ट्रास्ट टिकून राहतो तो त्यामुळेच.

फोटोंबद्दल बोलायचं तर एफ/2 ला मधला भाग पुरेसा स्पष्ट, कडा मऊ, आणि उजळ जागांभोवती हलकी झळाळी. पणत्यांच्या उजेडात काढलेले आजीचे फोटो मला आधुनिक लेन्सच्या फोटोंपेक्षा जास्त आवडले, कारण सुरकुत्या दिसतात पण टोचत नाहीत. एफ/4 ला झळाळी जाते. एफ/5.6 ते एफ/8 ला कोपऱ्यांपर्यंत नीटनेटकं चित्र मिळतं, ज्याबद्दल कुणाचीच तक्रार नसावी. दुबळी बाजू समोरच्या उन्हाची. सकाळी पूर्वेकडे तोंड करून लोकलच्या प्लॅटफॉर्मवर फोटो काढा, अख्ख्या चित्रावर पांढुरकी झाक येते. 40.5 मिमीच्या आट्यांचा धातूचा हूड लावा. स्वस्त असतो आणि खरंच फरक पडतो.

आता मुख्य मुद्दा. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघतच नाही. लेन्सच्या मागे एक धातूची नळी असते. फोकसची रिंग फिरवली की ती पुढे-मागे सरकते, कॅमेऱ्यातला छोटा दांडा तिला टेकलेला असतो, आणि त्या दांड्याच्या हालचालीवरून खिडकीतल्या दोन प्रतिमा जुळतात. म्हणजे लेन्स किती सरकली एवढंच कॅमेऱ्याला कळतं. लायकाने हे गणित 51.6 मिमीच्या लेन्सवर बसवलं, सोव्हिएत लेन्समध्ये मात्र काँटॅक्सचं 52.4 मिमी आलं. फरक एक मिलिमीटरचाही नाही, पण जवळच्या अंतरावर तो पुरतो. अनंताला (सर्वात दूरच्या फोकसला) बरोबर बसवलेली ज्युपिटर लायकाच्या मापाच्या कॅमेऱ्यावर लावून एक मीटरवरच्या डोळ्यांवर प्रतिमा जुळवली, तर खरा फोकस सुमारे तीन सेंटीमीटर मागे, कानाच्या आसपास जातो. एफ/2 ला या अंतरावर फोकस मागच्या बाजूला जेमतेम अडीच सेंटीमीटर चुकला तरी चालून जातं. एफ/4 ला जवळपास पाच, त्यामुळे तिथे चूक झाकली जाते. तीन-चार मीटरच्या पुढे तर एफ/2.8 लाही मला फरक जाणवला नाही.

माझ्या बेसा-आर या लायकाच्या मापाच्या कॅमेऱ्यावर नेमकं हेच घडलं. टेबलावर तिरकी पट्टी ठेवून फिल्मवर चाचणी घेतली, आकड्यांची गल्लत होऊ नये म्हणून मधल्या खुणेला लाल चिकटपट्टी लावली, आणि फोकस प्रत्येक वेळी त्याच दिशेने, मागे गेलेला दिसला. त्यानंतर मित्राच्या झोर्की-4 या सोव्हिएत कॅमेऱ्यावर तीच लेन्स, तीच पट्टी, तेच अंतर: फोकस खुणेवर. झोर्की याच लेन्ससाठी बनला होता, त्यामुळे नवल नाही. ज्युपिटर-8 ला "मऊ लेन्स" म्हणून बाजूला टाकणाऱ्या बऱ्याच लोकांनी, माझ्या मते, मऊपणा पाहिलाच नाही. त्यांनी चुकलेला फोकस पाहिला.

यावर उपाय आहे. काचांच्या संचाखाली पातळ धातूची चकती असते. ती बदलून संच सुमारे एक दशांश मिलिमीटर पुढे आणला की जवळचं बरोबर होतं, अनंत थोडं बिघडतं, पण ते एफ/5.6 च्या पुढे सावरलं जातं. माणसांचे फोटो काढणाऱ्याला हा सौदा परवडतो. मी हे काम लेन्स दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून करून घेतलं, ग्रीसही बदलून घेतलं, आणि खर्च लेन्सच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास आला. एवढं धरूनही लेन्स स्वस्तच पडली.

मिररलेस डिजिटल कॅमेरा असेल तर वरचं सगळं सोडून द्या. तिथे सेन्सरवर दिसतं तेच खरं, दांडा नाही आणि नळीशी देणंघेणं नाही. म्हणून मिररलेसवाल्यांसाठी ही लेन्स आहे त्या स्थितीतच उत्तम खरेदी आहे. लेन्स मुळात एक मीटरच्या आत फोकस होत नाही, पण फिरकी असलेला, लेन्स आणखी पुढे सरकवणारा अडॅप्टर (लेन्स आणि कॅमेऱ्यामधली जोडकडी) घेतला तर फुलाच्या पाकळ्यांपर्यंत जाता येतं. स्वस्त अडॅप्टर थोडे पातळ बनवलेले असतात, त्यामुळे अनंत रिंगच्या शेवटाआधीच येतं. लेन्सवरच्या अंतराच्या आकड्यांवर तिथे विसंबू नका.

हाताळणीला ती हलकी आहे, अ‍ॅल्युमिनियमची. अ‍ॅपर्चरच्या रिंगला क्लिक नाहीत, त्यामुळे फोकस करताना बोट लागून ते सरकतं. फोटोआधी एक नजर टाकायची सवय लागते.

विकत घेताना मी हल्ली काय बघतो ते सांगतो. फोटोत लेन्सची पाठ दिसलीच पाहिजे. झेनिटसारख्या एसएलआर (लेन्समधूनच बघायच्या) कॅमेऱ्यांच्या लेन्सही 39 मिमी आट्यांच्या असतात आणि रेंजफाइंडरवर जवळजवळ बसतातही, पण त्यांचं फिल्मपासूनचं अंतर वेगळं, 45.2 मिमी, तर लायकाच्या आट्यांचं 28.8 मिमी, म्हणून फोकस जुळत नाही. इंडस्टार-50 ही सोव्हिएत लेन्स तर दोन्ही प्रकारांत आहे. मागे आट्यांच्या आत सरकणारी नळी दिसली तरच ती आपली. ज्युपिटर-8 एम असं नाव असेल तर ती कीव्ह कॅमेऱ्याची, तिला आटेच नाहीत. आणि "कार्ल झाइस येना सोनार" असं कोरलेली, लायकाच्या आट्यांची, मोहात पाडणारी लेन्स दिसली तर थांबा. खऱ्या होत्या, पण फार थोड्या. बाजारातल्या पुष्कळशा म्हणजे नाव बदललेल्या ज्युपिटरच.

काच तपासायला अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च मारायचा. बारीक ओरखडे, धुळीचे कण, अ‍ॅपर्चरच्या पात्यांवरचं तेल, याने फोटो बिघडत नाही. किमतीत मात्र सूट मागता येते आणि मागावीच. बुरशीच्या जाळीला आणि धुक्यासारख्या थराला मात्र माझ्याकडे माफी नाही. जपानी विक्रेत्यांच्या वर्णनात वरचा शेरा छान असतो आणि खाली काचेच्या रकान्यात "हलकं धुकं, फोटोवर परिणाम नाही" असं लिहिलेलं असतं. तो रकाना आधी वाचा. 2022 पासून रशियातून मागवणं पेमेंटच्या अडचणींमुळे जवळपास बंद झालंय, युक्रेनमधले विक्रेते अजून पाठवतात. कस्टम ड्युटी आणि कुरिअरचा खर्च धरल्याशिवाय परदेशातल्या किमतीची इथल्या किमतीशी तुलना करू नका. मुंबईच्या फोर्टमध्ये दुकानात उभं राहून टॉर्च मारून घेतलेली लेन्स थोडी महाग पडली तरी मला ती जास्त पटते.

ज्यांच्याकडे लायका आहे, जवळून आणि उघड्या अ‍ॅपर्चरवरच फोटो काढायचे आहेत आणि दुरुस्तीच्या भानगडीत पडायचं नाही, त्यांनी थोडे जास्त पैसे घालून कॅननची 50 मिमी एफ/1.8 बघावी. 1950 च्या दशकातली, लायकाच्याच मापाची, बांधणी सरस. तिचा एकच रोग: अ‍ॅपर्चरजवळच्या काचेवर धुकं धरतं आणि वेळेत पुसलं नाही तर काच कायमची कोरली जाते. अशी लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नये. इंडस्टार-61 अजून स्वस्त आणि एफ/5.6 ला ज्युपिटरपेक्षा करकरीत, पण एफ/2.8 पासूनच सुरू होते आणि संध्याकाळी घरात अपुरी पडते. 35 मिमीची ज्युपिटर-12 सुंदर आहे, पण तिची मागची काच कॅमेऱ्यात खूप खोल जाते. आपल्या कॅमेऱ्यात ती मावते का, हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

आणि ठेवण्याबद्दल. ठाण्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या केसमध्ये ठेवलेली लेन्स म्हणजे बुरशीला आमंत्रण. चामडं ओल धरून ठेवतं. जुनी केस कितीही देखणी असली तरी वेगळी ठेवा. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत एक आर्द्रतामापक: काटा 40 ते 50 टक्क्यांत राहिला पाहिजे. सिलिका जेलचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर कोरडं करून परत वापरता येतं. आषाढ-श्रावणात मी लेन्स दर रविवारी बाहेर काढून, मागून टॉर्च मारून बघत होतो. काच अजून स्वच्छ आहे. पुढची लेन्स घेईपर्यंत बेसावरून ही उतरणार नाही.